आकडा चढतोय

४ मार्च

संचालक निवृत्त होताहेत. आज मीटिंगमध्ये स्वतःच जाहीर केलं आणि स्वतःच रुमाल काढला. बाकी कुणाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. या गृहस्थांनी इतकी वर्षं खुर्ची उबवली, त्यातून बाहेर काय पडलं म्हणाल तर फाटकावरची नवीन पाटी. तीही तिरकी बसवलेली.

आता त्या खुर्चीला दोन उमेदवार. एक मी. दुसरा समोरच्या लॅबमधला घाऊकशेठ. हे नाव मीच ठेवलंय. हा माणूस एक प्रयोग करतो आणि त्याचे पाच पेपर पाडतो. उंदीर एकच, पण शेपटीचा पेपर वेगळा, मिशांचा वेगळा. परवा कॉरिडॉरमध्ये म्हणाला, "मॅडम, या वर्षी अजून तरी चारच झाले." मी म्हटलं, "काळजी करू नका, कानांवर अजून लिहिलं नाहीत तुम्ही."

मला ती खुर्ची हवी आहे. इथे कसला आडपडदा? मागच्या खेपेला "बाई हुशार आहेत पण फटकळ आहेत" म्हणून मला डावललं आणि हा मेणाचा पुतळा आणून बसवला. आणखी थोड्या वर्षांनी मीही घरी बसणार. ही शेवटची वेळ. या वेळी नाही मिळाली तर फटकळ बाई एवढंच लोकांच्या लक्षात राहील.

७ मार्च

आकडा चढतोय!

म्हणजे सायटेशनचा आकडा. हल्ली शास्त्रज्ञ मोजायचा तो असा: आपल्या पेपरचा दाखला दुसऱ्याने त्याच्या पेपरात दिला की आपल्याला एक गुण. कशासाठी दिला, वाचून दिला की न वाचता, कुणी विचारत नाही. बटाट्यासारखं तोलायचं. मी या पद्धतीला जन्मभर शिव्या घातल्या. पण बटाटे आपल्या पारड्यात पडायला लागले की काटा बरा वाटतो, खोटं कशाला बोलू?

चढतोय तो माझ्या यकृताच्या पेपरचा. यकृताच्या कॅन्सरच्या पेशी मी बशीत वाढवल्या आणि त्यांना झोपवणारं एक प्रोटीन शोधून काढलं. त्या पेशी एका बाईच्या. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बर्फाचा डबा घेऊन मी स्वतः उभी होते. आत जाता जाता त्या बाईने विचारलं होतं, "याचा कुणाला उपयोग होईल ना?" मी म्हटलं, होईल. आणि झालाच की! जगातल्या कितीतरी लॅबनी त्या पेशी माझ्याकडून मागून नेल्या. कुणालाही नाही म्हटलं नाही. बाकी लोक स्वतःचं पेनसुद्धा देत नाहीत.

मग हळूहळू लोक विसरले. आकडा चिखलातल्या चाकासारखा एका जागी रुतून बसला होता. आणि या जानेवारीपासून बघते तर रोज नवीन भर. उशिरा का होईना, जगाला अक्कल आली.

ते नवे पेपर वाचायला मात्र सवड नाही. आणि वाचायचं काय त्यात? आपलं कौतुक आपणच वाचत बसायला मी काय घाऊकशेठ आहे?

८ मार्च

आईचं वय झालं, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. संचालक जाणार हे कळल्यापासून रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत एकच प्रश्न: "झालीस का गं साहेब?"

आज म्हटलं, "अजून नाही. पण आई, जगभर लोक माझ्या कामाबद्दल लिहायला लागलेत."

"चांगलं लिहितात का वाईट?"

"शास्त्रात असं नसतं गं."

"मग कसं असतं? आमच्या गल्लीत एखाद्याचं नाव एकाएकी सगळ्यांच्या तोंडी आलं ना, की मी आधी दार लावून घ्यायचे."

आमचे हे वर्तमानपत्राआडून फिसकन हसले. औषधाचं दुकान विकल्यापासून यांना हसायला फार वेळ मिळतो. मी चिडून म्हटलं, "उद्यापासून तुम्ही दोघं लॅबमध्ये जा, मी घरी स्वयंपाक करते." तर म्हणाले, "नको बाई, ते प्रयोग आम्हालाच खावे लागतील."

१२ मार्च

माझी विद्यार्थिनी चष्मिष. थिसिस अडकून पडलाय, आणि हिला सुचतंय काय तर प्रत्येक पेशीसाठी खाद्याची वेगळी बाटली! पेशी जगवायच्या तर ते गुलाबी पाणी लागतं, साखर आणि क्षार घातलेलं. ते काही नळाला येत नाही.

"मॅडम, आता सगळीकडे असंच करतात," म्हणते.

"सगळीकडे काय करतात ते मला सांगू नकोस," मी म्हटलं. "आमच्या वेळी अख्ख्या लॅबला एक बाटली होती. तिच्यातूनच आधी माझ्या यकृतवाल्यांना द्यायचं, मग शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कॅन्सरच्या पेशी असायच्या त्यांना, मग परत माझ्यांना. थेंब उचलायची नळी, पिपेट, तीसुद्धा तीच. थेंब वाया घालवला नाही. आणि तरी पेशी कशा वाढल्या!"

खरंच कशा वाढल्या. यकृताच्या पेशी मुलखाच्या आळशी, आठवडेच्या आठवडे ढिम्म हलत नाहीत. माझ्याही आधी तशाच होत्या. पहिला उन्हाळा गेला आणि एकाएकी अशा भराभर वाढायला लागल्या की दूध उतू जावं. सगळे विचारायचे, काय केलंत? मी काय सांगणार? एकेकाचा हातगुण असतो.

चष्मिष माझ्याकडे बघतच राहिली. माशासारखं तोंड उघडलं, परत मिटलं. माझ्यापुढे असं होतं खरं लोकांचं. बाटल्यांची मागणी मी नामंजूर केली.

१५ मार्च

मुकीचा मेल. मुकी म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी, दिवसभरात चार शब्द बोलायची. त्यातले दोन नेमके चुकीच्या वेळी. एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मॅडम, यकृताच्या पेशी इतक्या भराभर वाढत नाहीत." मी म्हटलं, "तुझ्या हातात वाढत नसतील. मन लावून काम केलं की वाढतात." मग दुसरीकडे निघून गेली. आता म्हणे तिची स्वतःची लॅब आहे. असेल. गल्लोगल्ली लॅब झाल्यात.

मेलचा विषय: "मॅडम, पुन्हा एकदा लिहिते आहे." मागेही एक आला होता, सोबत काहीतरी लांबलचक जोडलेलं. दोन्ही उघडले नाहीत. मी संचालक होणार याची कुणकुण लागली असणार. शिफारसपत्र हवं असेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण काडीलाही तिची कामं असतात.

१९ मार्च

ज्या मासिकात माझा यकृताचा पेपर आला होता त्याच्या संपादकाचं पत्र. "आपल्या पेशींचा मूळ उगम व सुरुवातीच्या काळातील जोपासना यासंबंधी जी नोंद उपलब्ध असेल ती कृपया पाठवावी." बघा! आता इतिहास हवाय त्यांना. एके काळी याच मासिकाने माझा पेपर सहा महिने कुजवत ठेवला होता. मी एका ओळीत कळवलं, मुलाखतीच्या गडबडीत आहे, नंतर सवडीने लिहीन. तडफडू देत जरा.

२० मार्च

आकडा चढतोय. बास.

२४ मार्च

कुठल्याशा कंपनीचा माणूस आला होता. टाय लावलेला, हातात रंगीत कागद. पेशींची ओळख पटवून देतात म्हणे. आपण पेशी पाठवायच्या, हे त्यांचा डीएनए तपासून सांगणार की या नक्की कुणाच्या. "मॅडम, तुमच्यासाठी पहिली तपासणी फुकट," म्हणाला. "हल्ली आम्ही सगळीकडे तुमचंच उदाहरण देतो."

मी म्हटलं, "माझी पोटची पोरं असती तर त्यांनाही ओळखपत्र मागितलं असतंत का? त्या बर्फाच्या डब्यापासून मी त्यांना ओळखते. निघा."

गेला. कागद ठेवून गेला, त्याच्यावर मी कपबशी ठेवली.

२७ मार्च

घाऊकशेठ आज चक्क माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं. बसला. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. म्हटलं आता हा रडतो की काय.

"मॅडम, मुलाखतीत त्या जुन्या पेपरवर फार भर देऊ नका."

"का बरं?"

"तुमचं बाकीचं काम चांगलं आहे. ते यीस्टवरचं तर फारच. त्यावर बोला."

"आणि यकृतावर कुणी बोलायचं? तुम्ही?"

"तुम्ही ते नवीन पेपर वाचलेत का?"

"शेठ," मी म्हटलं, "मला वाचायची गरज नाही. आकडा बोलतो." तसा तो चष्मा घालून उठून गेला.

काय माणूस आहे! माझा हुकमाचा पत्ता मीच टाकून द्यावा म्हणून गोड बोलायला आला. आणि यीस्टवरचं काम म्हणे फार चांगलं! ते काम चांगलंच आहे, पण त्याचे दाखले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. यालाच म्हणतात काट्याने काटा काढणे. आता तर मी यकृतावरच बोलणार. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत.

२ एप्रिल

मुलाखत झाली. अशी झाली की माझ्या शत्रूंनीसुद्धा टाळ्या वाजवाव्यात.

समितीत तीन पुरुष आणि एक पिकल्या केसांच्या बाई. पुरुष नेहमीचेच, पाणी पिणारे. मी पडद्यावर आकड्याचा आलेख लावला. डोंगराच्या कड्यासारखी रेघ. एकाने घसा खाकरून विचारलं, "मॅडम, हे दाखले इतके अचानक का वाढले असावेत, तुमचं काय मत?"

"काम काळाच्या पुढे होतं," मी म्हटलं. "काळ आत्ता पोहोचला."

तिघांनीही पाण्याचे घोट घेतले. मग त्या बाईंनी विचारलं, फार अदबीने, "सुरुवातीला त्या पेशी कशा वाढवल्यात, ते जरा सविस्तर सांगाल?"

मग काय, माझी कळी खुलली. सगळं सांगितलं. बर्फाचा डबा, पेशी हाताळायचं एकच काचेचं कपाट, एकच बाटली, आधी यकृतवाल्या, मग शेजारच्या, मग परत यकृतवाल्या. आजकालच्या मुलांना बाटलीवर बाटली लागते, आम्ही एवढ्याशात जग जिंकलं, असंही ऐकवलं.

"दोन्ही पेशींना एकाच बाटलीतून?" बाईंनी विचारलं.

"एकाच. पिपेट बदलायचीसुद्धा चैन नव्हती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मनापासून आभार," म्हणाल्या. "हे आम्हाला कुठेच लिहिलेलं सापडत नव्हतं."

शेवटी भेटलं कुणीतरी कदर करणारं! बाहेर पडले तर घाऊकशेठ बाकावर पाय हलवत बसलेला. त्याच्याकडे बघून मी फक्त हसले.

घरी येऊन सगळं रंगवून सांगितलं. आईने दोनदा ऐकलं. यांनी मात्र बाटलीपाशी आल्यावर वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "एकाच बाटलीत? तीच पिपेट घालून? अगं, खोकल्याच्या औषधातला चमचा मी कधी दुसऱ्या बाटलीत बुडवला नाही." म्हटलं, तुमचं दुकान होतं, माझं शास्त्र आहे. त्यावर हसले नाहीत. आज यांना झालंय काय?

३ एप्रिल

निवड झाल्यावर दोन शब्द बोलावे लागणार. भाषणात घालायला चार कौतुकाची वाक्यं हवीत म्हणून आज ते नवे पेपर पहिल्यांदा उघडले.

पहिल्यात होतं: यकृताच्या समजून वापरलेल्या पेशी यकृताच्या नव्हत्याच, याचं सर्वांत ठळक उदाहरण. पुढे माझं नाव.

म्हटलं, हा एखादा आंबट तोंडाचा असेल. दुसरा उघडला. तेच. तिसरा उघडला. तेच, फक्त जरा सभ्यपणे. चौथ्यात कुणीतरी स्वतःचाच जुना पेपर मागे घेतला होता, कारण पेशी "त्या प्रयोगशाळेकडून" आल्या होत्या. नंतर मोजलं नाही. शिपाई चहा ठेवून गेला तो तसाच थंड झाला.

सगळ्यांचं बोट एकाच पेपराकडे. मुकीचा. तिने जगभरातून माझ्या पेशींच्या कुप्या गोळा केल्या आणि डीएनए तपासला. एकही यकृताची नाही. सगळ्या त्याच दुसऱ्या कॅन्सरच्या, शेजारच्या टेबलावरच्या. अंगाने दांडग्या. त्यांचा एक थेंब माझ्या बशीत आला असणार, मग त्या वाढत गेल्या आणि माझ्या बिचाऱ्या आळशी पेशी उपाशी मेल्या. पहिल्या उन्हाळ्यातच मेल्या. ज्याला मी हातगुण म्हणत होते तो हा.

मग मुकीचे मेल उघडले. शिफारस नको होती तिला. पहिल्यासोबत सगळा पेपर जोडला होता, छापायच्या आधी. खाली लिहिलं होतं, "मॅडम, चुकत असेन तर सांगा. तुम्ही म्हणालात तर थांबेन." मी काही म्हटलंच नाही.

आणि तिच्या पेपरात शेवटी एक वाक्य आहे: ही अदलाबदल नेमकी कशी झाली हे कळायला आता मार्ग नाही. मार्ग खरंच नव्हता. तो काल मी चार माणसांना स्वतः दाखवला, आलेख लावून, वर "आम्ही जग जिंकलं" म्हणत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. घाऊकशेठला हसत होते, संचालकांच्या पाटीला हसत होते. हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

खुर्ची गेली, ते तर कळलंच. पण ती बाई डोळ्यांसमोरून हलत नाही. उपयोग होईल ना, विचारलं होतं तिने. मी होईल म्हटलं आणि काही महिन्यांत तिचा जिवंत तुकडा एका थेंबाने मारून टाकला. मग वर्षानुवर्षं तिच्या नावाने भलत्याच पेशी वाटत सुटले, मोठी दानशूर! ज्यांनी त्या मागून नेल्या त्यांचीही वर्षं गेली. मला फार लाज वाटते आहे. याहून वेगळा शब्द शोधून सापडला नाही.

६ एप्रिल

घाऊकशेठ झाला संचालक. पेढीवर बसवला शेवटी.

सांगायला तोच आला. उभा राहिला. मी म्हटलं, "बसा, आता सगळ्याच खुर्च्या तुमच्या." बसला.

"त्या दिवशी मला नीट सांगता आलं नाही," म्हणाला.

"नीटच सांगितलंत. मी त्यात डाव शोधत बसले."

"यीस्टचं मी मनापासून बोललो होतो."

"माहीत आहे. म्हणून तर जास्त राग आला."

मग तो हसला आणि मीही हसले. जाताना म्हणाला, "मॅडम, कानांवरचा पेपर काल पाठवला." नालायक आहे, पण वाईट नाही.

दुपारी चष्मिषला बोलावून तिने मागितल्या त्याहून चार बाटल्या जास्त मंजूर केल्या. विचारलं, "तुला त्या दिवशीच कळलं होतं ना?" मान हलवली. "मग बोलली का नाहीस?" म्हणाली, "मॅडम, तुमच्यापुढे कोण बोलणार?" आणि मी ते मासा वगैरे काय काय लिहिलंय वर. राहू दे. खोडत नाही.

९ एप्रिल

मुकीला फोन केला. तिने उचलला आणि सवयीप्रमाणे गप्प.

"बोल की," मी म्हटलं.

"तुम्ही बोला, मॅडम."

"मीच बोलत आले गं जन्मभर. ऐक. अदलाबदल कशी झाली ते मला माहीत आहे." आणि बाटलीचं सगळं सांगितलं. ती मधे फक्त एकदा म्हणाली, "पिपेटपण तीच?" म्हटलं, पिपेटपण तीच. पलीकडे पेनची कुरकुर ऐकू आली. मग म्हणाली, "मॅडम, हे छापायला हवं. बाकीचे सावध होतील."

"म्हणूनच फोन केला. तू आणि मी. आधी तुझं नाव."

"तुमच्या जुन्या पेपरचा दाखला द्यावा लागेल."

"दे की. तिथे काय आता रांगच लागली आहे."

ती हसली. इतक्या वर्षांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. हसते मात्र मोठ्याने.

संपादकालाही लिहिलं. इतिहास हवा होता ना, घ्या म्हटलं. सगळा पाठवला.

संध्याकाळी चपला काढत होते तर आईचं सुरू. "झालीस का गं साहेब?"

तिला इतके दिवस सांगायचं टाळत होते. आज सांगितलं. "नाही आई. तो समोरचा झाला. माझ्या हातून फार मोठी चूक झाली होती. ती कशी झाली ते आता लिहून छापणार आहे मी."

"छापतात असलं?"

"छापतात. वर माझा आकडाही एकाने चढतो."

आई विचारात पडली. चादरीची घडी सारखी केली, चष्मा शोधला, सापडला तर घातला नाही. मग विचारलं, "चांगलं लिहिणार का वाईट?"

"वाईट."

"मग दार लावून घेऊ?"

"नको," मी म्हटलं. "उघडंच असू दे."